मोबाइलवरून फोटो थेट वेबसाइटवर: मधला थांबा कशाला?

दिवेलागण

सहा वर्षांपूर्वी मी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ उघडून साफ कसं करायचं, यावर सविस्तर लिहिलं होतं. चौदा फोटो होते, दर पायरीला एक. फोटो बाहेरच्या एका मोफत साइटवर ठेवले होते आणि लेखात नुसत्या लिंका डकवल्या होत्या. परवा एकाने विचारलं, "मुख्य स्प्रिंगचा ताण उतरवायचा म्हणजे नक्की कुठला खटका सोडवायचा?" मी म्हटलं, लेखात फोटो आहे, बघून घ्या. मग सहज स्वतः उघडून बघितलं, तर चौदाच्या चौदा जागी राखाडी चौकोन. मजकूर मात्र जसाच्या तसा: "फोटोत डावीकडे दिसतो तो खटका मागे ओढून धरा आणि चावी हळूहळू उलट फिरू द्या, हातातून सोडू नका." डावीकडे म्हणजे कशाच्या डावीकडे? फोटो नसेल तर ते वाक्य धोक्याचं आहे. ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर बोट फोडते.

तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. आपल्यातले बहुतेक जण फोटो मोबाइलवरच काढतात, लिहितातही मोबाइलवरच. तरी फोटो टाकायची वेळ आली की आधी दुसरीकडे चढवा, तिथून लिंक घ्या, ती इथे आणून चिकटवा, हा द्राविडी प्राणायाम चालूच आहे. त्यातला मधला थांबा बंद पडला की लिखाण आंधळं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो मजकुराच्या शेजारीच, त्याच वेबसाइटवर राहायला हवा आणि तो फोनमधून सरळ तिथे जायला हवा. फोन हे सहज करू शकतो.

खरं तर सुरुवात अशीच झाली होती. ११ जून १९९७ रोजी फिलिप कान या गृहस्थाने रुग्णालयात बसल्या बसल्या डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलीचा फोटो तिथूनच दोन हजारांवर लोकांपर्यंत पोचवला. वेबपानावरच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत त्याच्याही आधीची, १९९५ची. "फाइल निवडा" हे बटण आपण आजही दाबतो ते त्याच पद्धतीतलं. फोनवर मात्र ते बरीच वर्षं मुकं होतं. आयफोनच्या सफारी या ब्राउझरमध्ये २०१२ साली आयओएस ६ (आयफोनच्या प्रणालीची सहावी आवृत्ती) येईपर्यंत ते दाबताच यायचं नाही. बाहेरच्या साइटवरून लिंक आणायची सवय आपल्याला तेव्हा लागली. अडचण कधीच संपली, सवय राहिली.

मी आता काय करतो ते सांगतो. फोटो काढला की गॅलरीतच क्रॉप करून नको तो भाग उडवतो. मग लांब बाजू १६०० पिक्सेल होईल इतका लहान करतो. त्यासाठी फोटो लहान करणारं कुठलंही साधं अॅप चालतं. नंतर ब्राउझरमध्ये वेबसाइट उघडतो, "फाइल निवडा" दाबतो, गॅलरीतून तोच लहान केलेला फोटो उचलतो आणि चढला की खाली एक ओळ लिहितो. एका फोटोला मिनिटसुद्धा लागत नाही.

तुम्हाला कुठे अडतं ते लिहा. उत्तरं इथेच गोळा होऊ देत.

---

गवतफूल

अगदी मनातलं लिहिलंत. माझं अडतं ते असं: फोटो निवडला की निळी पट्टी अर्ध्यापर्यंत जाते आणि थांबते. कधी "फाइल फार मोठी आहे" येतं, कधी काहीच न सांगता पान पुन्हा कोरं होतं आणि लिहिलेला मजकूरही जातो. मजकूर गेला की फार वाईट वाटतं, पुन्हा तसा उमटत नाही. फोन तर नवीन आहे, मग असं का?

---

खालचा_मजला

गवतफूल, फोन नवीन आहे म्हणूनच. मी वेबसाइटचे सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो, ही तक्रार रोज ऐकतो.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. अशी एक जेपीईजी (फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइल सहज ३ ते ५ एमबीची होते. आता सर्व्हरकडची बाजू बघा. कित्येक वेबसाइट पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतात आणि पीएचपीत कोणी हात लावला नसेल तर एका फाइलची मर्यादा असते २ एमबी, अख्ख्या फॉर्मची मिळून ८ एमबी. त्याच्या पुढे, दारावरच्या पहारेकऱ्यासारखा, एनजिनएक्स हा सर्व्हर-प्रोग्राम बसवलेला असेल तर त्याची मूळ मर्यादा त्याहून कमी, १ एमबी. त्याच्यावर गेलात की तो ४१३ क्रमांकाची चूक दाखवून दारातूनच परत पाठवतो. कोऱ्या पानाचं कारण बहुतेक वेळा फॉर्मची मर्यादा ओलांडणं हे असतं. तसं झालं की पीएचपी फोटोबरोबर मजकूरही टाकून देतं. तुमच्या हातून काही चुकत नाही.

दिवेलागण यांनी १६०० पिक्सेल सांगितलं ते चोख आहे. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके, मूळच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे. फाइल काही शे केबीवर येते, पडद्यावर मात्र फरक जाणवत नाही.

वेळेचंही तसंच. मोबाइल नेटवर्कवर पाठवण्याचा वेग उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा बहुधा बराच कमी असतो. पाठवायला सेकंदाला १ मेगाबिट मिळत असेल तर ४ एमबीच्या फोटोला ३२ सेकंद लागतात. त्या ३२ सेकंदांत तुम्ही दुसरं अॅप उघडलंत किंवा पडदा झोपला, तर फोन ब्राउझरला मागे ढकलतो आणि अपलोड तुटतं. फोटो चढेपर्यंत त्याच पानावर थांबायचं. आणि मजकूर आधी नोट्समध्ये लिहून ठेवायचा, मग तो जात नाही.

---

गवतफूल

दादा, लहान करून बघितला. पहिल्याच झटक्यात चढला! मूळ ४.३ एमबी होता, लहान केल्यावर ३८० केबी. मोठ्या पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवून बघितले, पानांच्या शिरासुद्धा तशाच दिसतात. आता दुसरी शंका. फोनमध्ये उभा दिसणारा फोटो चढवल्यावर आडवा पडतो. मी फोन चुकीचा धरते का?

---

दिवेलागण

नाही हो ताई, फोन तुम्ही बरोबरच धरता. यात मी स्वतः बरेच दिवस घातलेत.

फोन उभा धरा की आडवा, आतला सेन्सर आपल्या जागीच असतो, त्यामुळे ठिपके बहुतेक वेळा आडवेच साठवले जातात. सोबत फाइलच्या पोटात एक छोटी नोंद राहते, "दाखवताना एवढं फिरवा". या नोंदींना एक्झिफ म्हणतात. दिशेसाठी १ ते ८ हे आकडे आहेत. १ म्हणजे आहे तसा, ३ म्हणजे उलटा, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, ८ म्हणजे काट्यांच्या विरुद्ध पाव फेरा. घड्याळाच्या मागच्या झाकणाचा माझा एक फोटो सतत आडवा पडायचा. त्याचा तपशील उघडला तर तिथे ६ होता. फोनची गॅलरी तो ६ वाचून फोटो उभा करून दाखवत होती. वेबसाइट मात्र फोटो लहान करताना ती नोंद फेकून देत होती, म्हणून मागे उरायचा आडवा फोटो.

२०२०पासून मुख्य ब्राउझर ही नोंद आपणहून पाळतात, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी झालाय. पण सर्व्हरनेच नोंद पुसली तर ब्राउझर तरी काय करणार? म्हणून फोटो आधीच लहान करून घ्यावा. फोटो लहान करणारी बहुतेक अॅप ठिपके खरोखर फिरवून नवी फाइल लिहितात. नुसतं क्रॉप करून सेव्ह केलं तरी बऱ्याचदा काम होतं.

---

शेवटचा_बाक

माझ्या आयफोनचे फोटो काही वेबसाइट घेतच नाहीत. "हा प्रकार चालत नाही" असा संदेश येतो. फाइलच्या शेवटी एचईआयसी असं काहीतरी दिसतं. वैतागून स्क्रीनशॉट काढून तो चढवतो. बरोबर की चूक?

---

खालचा_मजला

२०१७मध्ये आयओएस ११पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवू लागला. त्याच फोटोला जवळपास निम्मी जागा लागते, म्हणून. जेपीईजी १९९२पासूनचं, ते सगळ्यांना उघडतं. एचईआयसी अजून सगळ्या वेबसाइटना उघडत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कंपॅटिबल" निवडा. पुढचे फोटो जेपीईजीत निघतील. जुने आहेत तसेच राहतात, ते लहान करतानाच जेपीईजी म्हणून सेव्ह करायचे.

स्क्रीनशॉट चालतो, पण त्यात फोटो पडद्याच्या रुंदीएवढाच उरतो आणि कडेला काळ्या पट्ट्या येतात. घाई असेल तर ठीक. जपून ठेवायच्या फोटोंसाठी नको.

---

सायंतारा

थोडं वेगळं लिहिते, कारण ते कोणीच बोललं नाही अजून.

गेल्या वर्षी मी आमच्या मांजरीचे फोटो एका वेबसाइटवर टाकले होते. बाल्कनीतलं मांजर, खिडकीतलं मांजर. एका अनोळखी पण भल्या बाईंनी मला खासगीत कळवलं, "फोटो मूळ आकारात चढले आहेत आणि त्यांत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश आहेत, काढून टाका." मी फोटोचा तपशील उघडला आणि नकाशावर टिचकी मारली. टाचणी आमच्या इमारतीवर, आमच्याच बाजूला. हात गार पडले. घरात लहान मुलगी आहे.

एक्झिफमध्ये दिशेबरोबर जागाही असते, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर ते फोटो अजून तिथेच असते.

---

दिवेलागण

सायंतारा, हे लिहिलंत फार बरं केलंत. मूळ धाग्यात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं ते.

याचं गाजलेलं उदाहरण डिसेंबर २०१२चं. जॉन मॅकॅफी हे संगणक-सुरक्षेतलं मोठं नाव तेव्हा पोलिसांना चुकवत लपून होतं. एका नियतकालिकाने त्यांच्यासोबतचा, आयफोनवर काढलेला फोटो वेबवर टाकला. त्याच्या एक्झिफमध्ये जागा तशीच होती आणि ते ग्वाटेमालात असल्याचं काही तासांत जगाला कळलं. संगणक-सुरक्षेत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे होतं, तर आपण सावध राहायलाच हवं.

उपाय दोन. एक, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची परवानगीच काढून घ्यायची, मग नव्या फोटोत ती नोंदच होत नाही. दुसरा, आधीच काढलेल्या फोटोची माहिती गॅलरीत उघडून तिथून जागा काढून टाकायची. फोटो लहान करणारी काही अॅप एक्झिफ आपोआप पुसतात, काही तसाच ठेवतात. तेव्हा आपलं अॅप काय करतं ते एका फोटोवर तपासून घ्या: लहान केलेल्या फोटोचा तपशील उघडायचा आणि नकाशा दिसतो का बघायचं. मुलांचे आणि घरातले फोटो असतील तर ही तपासणी कधीही टाळू नका.

---

खालचा_मजला

वेबसाइट चालवणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती. चढलेल्या प्रत्येक फोटोतून जागेची नोंद सर्व्हरवरच पुसा. आणि क्रम सांभाळा: आधी दिशा वाचून ठिपके फिरवा, मग एक्झिफ पुसा. उलट केलंत तर सगळे उभे फोटो आडवे पडतील. चार ओळींचं काम आहे.

---

कोरडा_घाट

मला पूर्ण पटलं नाही, म्हणून लिहितो. फोटो बाहेर ठेवले तर त्यांच्यावर ताबा माझा राहतो. नको वाटला की एका जागी पुसला, सगळीकडून गेला. थेट चढवला की वेबसाइटवाल्यांच्या हाती. शिवाय हजारो लोकांनी फोटो चढवले तर त्यांची जागा भरणार नाही का? ती वेबसाइट बंद पडली तर मजकूर आणि फोटो दोन्ही गेले.

---

दिवेलागण

कोरडा घाट, जागेचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच तर फोटो लहान करून चढवायचा. ४ एमबीचा एक फोटो राहतो तेवढ्या जागेत ४०० केबीचे दहा राहतात.

ताब्याबद्दल माझं मत वेगळं आहे. बाहेर ठेवलेल्या फोटोवर ताबा आपला आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो तिसऱ्याच कोणाचा असतो. पिकासा वेब अल्बम ही फोटो ठेवायची मोफत साइट किती जणांनी भरवशाने वापरली होती! २०१६मध्ये ती आवरली गेली. फ्लिकर या तशाच साइटने २०१९मध्ये मोफत खात्यांना १००० फोटोंची मर्यादा घातली. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१पासून संपली. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांचा त्यांचा व्यवसाय आहे, नियम बदलणारच. पण त्यांचा नियम बदलला की चौकोन माझ्या लेखात रिकामा पडतो, आणि ते मला सहा वर्षांनी कळतं. मजकूर आणि फोटो एकाच घरात असले की ते घर सांभाळणारा एकाच वेळी दोन्ही सांभाळतो. बॅकअप घेतला तर दोन्हीचा घेतो, दुसरीकडे हलवलं तर दोन्ही हलवतो.

पुसण्याची सोय मात्र हवीच, तिथे मी तुमच्या बाजूने. ज्या वेबसाइटवर आपण चढवलेला फोटो आपल्याला पुसता येत नाही, तिथे थेट चढवू नका. आणि मूळ फोटो नेहमी स्वतःकडे, फोनखेरीज आणखी एका जागी ठेवा. माझं नुकसान झालं ते या एका आळसामुळे.

---

शेवटचा_बाक

गूगल फोटोजची शेअरची लिंक चिकटवली तर फोटो का दिसत नाही, हेही कोणीतरी सांगा. मी दहा वेळा केलंय.

---

खालचा_मजला

कारण ती लिंक फोटोची नसते, फोटो ज्या पानावर दाखवलाय त्या पानाची असते. वेबसाइटला हवी असते चित्राची फाइल, आपण देतो अख्खं पान. काही जण फोटोवर बोट दाबून ठेवून चित्राचा खरा पत्ता काढतात आणि तो चिकटवतात. त्या दिवशी दिसतोही. पण असे पत्ते कायमचे नसतात, पुढे चित्र नाहीसं होतं.

आणखी एक. फोटो कॉपी करून थेट लिहायच्या चौकटीत पेस्ट केला तर काही ठिकाणी तो चढतच नाही, अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून मजकुरातच भरला जातो. त्या माळेमुळे फाइल एक तृतीयांशाने फुगते आणि पान उघडायला जड होतं. तेव्हा पेस्ट नको, "फाइल निवडा"च बरं.

---

ऐकणारा

मला दिसत नाही, फोन मला पडदा वाचून दाखवतो. हा धागाही तसाच ऐकला. फोटो आला की मला बहुतेक वेळा "प्रतिमा" एवढा एकच शब्द ऐकू येतो, नाहीतर फाइलचं नाव, आयएमजी आणि पुढे आठ आकडे. फोटो चढवताना वर्णनाची चौकट येते, ती कृपा करून रिकामी सोडू नका. "घड्याळाचं मागचं झाकण उघडलेलं, डाव्या कडेला पितळी खटका" एवढं लिहिलंत तरी मला घड्याळ उघडल्यासारखं होईल.

---

दिवेलागण

दादा, तुमचं वाक्य जसंच्या तसं त्या फोटोखाली घालतोय. आणि मला आत्ता लक्षात आलं: अशी वर्णनं मी तेव्हा लिहिली असती, तर फोटो गेल्यावरही लेख निम्मा तरी टिकला असता. राखाडी चौकोनाच्या जागी निदान "डाव्या कडेला पितळी खटका" हे शब्द राहिले असते.

---

गवतफूल

दिवेलागण, ते चौदा फोटो कुठेच नाहीत का?

---

दिवेलागण

काल रात्री जुना फोन चार्ज करून बघितला. मेमरी कार्डात नऊ सापडले. नऊही लहान केले, जागेची नोंद पुसली, उभे-आडवे तपासले आणि मोबाइलवरूनच थेट लेखात चढवले. प्रत्येकाखाली वर्णन घातलंय. खटक्याचा फोटो त्या नऊत आहे, ज्यांनी विचारलं होतं त्यांना कळवलंय.

उरलेल्या पाचांसाठी रविवारी घड्याळ पुन्हा उघडतोय.